शेवटचा घास

१

दुपारची कॉफी चुलीवर चढवली की इर्मेलाचा कान आपसूक शेजारच्या खोलीकडे लागायचा. घराला चिकटून पत्र्याची एक खोली होती. पूर्वी तिथं खोगिरं ठेवत, आता हार्टविगची हत्यारं होती. तिथून सँडपेपरचा आवाज येत राहिला की ती निर्धास्त असे. खर्र, खर्र, मग थोडी उसंत, मग लाकडाचा भुगा उडवायला मारलेली फुंकर. उसंत जरा लांबली की तिचा जीव टांगणीला लागे. फुंकर ऐकू आली की ती पुन्हा पीठ मळू लागे.

गेल्या हिवाळ्यात हार्टविगचं काळीज बंद पडता पडता राहिलं होतं. दूर विंडहूक शहराच्या इस्पितळात तो नळ्यांच्या जंजाळात पडला होता, आणि बाहेरच्या बाकावर बसून इर्मेलानं मारियामातेला नवस बोलला होता. याला माझ्या पदरात परत घाल. याच्या हातून पुन्हा कुठल्या जिवाचं रक्त सांडणार नाही, हे मी बघीन. आणि दर शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत अन्नाला शिवणार नाही.

तो परत आला. नवस ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"नवस तू बोललीस, आणि उपास माझ्या बंदुकीला?"

"मलाही आहे. शुक्रवारचा."

"तुला शुक्रवारचा. तिला जन्मभराचा!"

आउट्योच्या या रानमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या जर्मनांत शिकार सोडलेला शेतकरी म्हणजे देवळात न जाणारा पाद्री. हार्टविग महिनाभर नुसता ओट्यावर बसून राहिला, कोरड्या नदीकडे बघत. मग त्यालाच तोड सुचली. ओपांची शिकारी रायफल होती. ओपा म्हणजे हार्टविगचे वडील. पोरं लहानपणी आजोबांना ओपा म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या रायफलची बारीक नळी काढून जाड, जड नळी बसवायची. दस्ता नव्यानं घडवायचा, चाप हलका करायचा. पुढं जन्मभर तिनं कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा. नेमबाजी क्लबच्या स्पर्धा पावसाळ्याआधी होत्याच. डॉक्टर म्हणाले, बसून करायचं काम आहे, करू द्या.

इर्मेलाला वाटलं, मारियामाता ऐकते ती अशी.

नळी बसली त्या दिवशी त्यानं ओट्यावरच्या टेबलावर वाळूच्या पिशव्या रचल्या आणि पहिल्या गोळ्या झाडून पाहिल्या. निशाणाचा फळा नदीच्या पलीकडच्या काठाला होता, मातीच्या उंचवट्यासमोर. वाळूतून तिथवर चालायची हार्टविगला मनाई, म्हणून कागद आणायला इर्मेला गेली.

भोकं विस्कटलेली होती. कागद काढता काढता तिचा हात थबकला. एका भोकात काहीतरी खोवलेलं होतं.

मोपानीची डहाळी होती. बोटभर लांब. आपट्यासारखी जुळी पानं, कोवळी, पोपटी.

तिनं मान वर करून रानाकडं पाहिलं. पाऊस महिनोन्‌महिने नव्हता. मोपानीची झाडं काटक्या होऊन उभी होती, आणि क्षितिजापर्यंत हिरवं म्हणून एक पान नव्हतं.

वाऱ्यानं कुठून तरी आली असेल, ती स्वतःला म्हणाली. पण कपाळावरचा घाम वाळावा इतकाही वारा नव्हता.

२

जेवणाच्या टेबलावर कागद उलगडला तेव्हा डहाळी घरंगळून हार्टविगच्या ताटाशी पडली. त्याचा चेहरा उतरला.

"ही चेष्टा मला आवडली नाही, इर्मी."

"कसली चेष्टा?"

"कागदाला शेवटचा घास भरवलास. माझी थट्टा कर हवी तितकी. ओपांची नको."

शिकार पडली की ओपा आधी हॅट काढून टक्कल उघडं करत, मग मेलेल्या जनावराच्या दातांत हिरवी डहाळी देत. शेवटचा घास. ती दिल्याशिवाय त्यांनी कधी सुरी लावली नाही. त्याच डहाळीचा दुसरा तुकडा मग त्यांच्या हॅटला लागे. इथल्या शिकाऱ्यांत सगळेच असं करत, पण ओपा ते प्रार्थनेसारखं करत.

"मी नाही ठेवली," इर्मेला म्हणाली. "मला वाटलं, तूच मला हसवायला..."

"मी? नदीपलीकडे? उडत गेलो वाटतं!"

"मग कागदातच होती म्हणायची."

"कागद झाडाचाच असतो. फुटली असेल पालवी." तो हसला, आणि तिला वाचल्यासारखं वाटलं. पण हसताना त्यानं डहाळी बोटाच्या टोकानं ताटापासून लांब सारली, ते तिनं पाहिलं.

भांडी आवरून ती हत्यारांच्या खोलीत दिवा विझवायला गेली. ओपांची हॅट त्यांच्या दफनापासून दाराजवळच्या खिळ्याला होती. तिच्यावरची धूळ झटकायचं कुणाच्या मनात येत नसे. धूळ तशीच होती, बोट न लागलेली. फितीत उजव्या बाजूला मात्र एक हिरवा तुकडा खोवलेला होता.

तिनं एप्रनच्या खिशातून पहिली डहाळी काढली आणि दोन्हींची मोडलेली टोकं एकमेकांना लावली. सालीची रेघ सालीला मिळाली. कपाच्या तुटक्या कानासारखी ती अचूक बसली.

हार्टविगला सांगायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. त्याच्या काळजाला असली कोडी झेपायची नाहीत. हॅट उचलून तिनं ट्रंकेत नाताळच्या सजावटीखाली ठेवली आणि झाकण लावल्यावर त्यावर क्रूस केला. मग स्वतःलाच हसली. साळिंदर, माकड, वाटेनं जाणारा एखादा गुराखी, असं कुणीतरी असेलच. हॅटचं उत्तर उद्या सुचेल.

३

शुक्रवारी एगॉन आला. ओपांचा दोस्त, रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर. नवी नळी त्यानंच आपल्या लेथवर कातली होती. त्या दिवशी दस्त्याच्या खाचेत राळ ओतायची होती. रायफलच्या मागच्या भागाचं पोलाद त्या ओल्या राळेत दाबून बसवायचं, म्हणजे राळ वाळल्यावर लाकूड आणि पोलाद एकजीव बसतात आणि नेम हलत नाही. मात्र पोलादाला आधी बूटपॉलिश फासावं लागतं, नाहीतर ते कायमचं चिकटून बसतं.

"बिनरंगी लाव रे, काळं नको," एगॉन ओरडत होता. "आणि सगळीकडे लाव! माझा मेव्हणा एक कोपरा विसरला. बायको सोडून गेली त्याला, पण लाकूड काही सुटलं नाही."

"ओन्केल एगॉन, केक घ्या," इर्मेलानं हाक मारली. ओन्केल म्हणजे काका.

"तू नाही घेणार?"

"आज शुक्रवार."

"अगं पोरी, तुझ्या नवसानं या घरात सगळ्यांना छळलं. मला, हार्टविगला, त्या बिचाऱ्या रायफलीला. एक तुकडा घे. मारियामाता चष्मा लावून बसलेली नाही."

"तिला चष्मा लागत नाही."

"बघ, बघ," एगॉन हार्टविगकडे वळला. "हिच्याशी भांडून तू वाचलास, मग हृदयविकार काय चीज आहे!"

तिघं स्वयंपाकघरात बसले. रायफल शेजारच्या खोलीत शेगड्याच्या पकडीत आवळलेली, वाळत. तिचा बोल्ट, म्हणजे आत सरकवून खाली वळवला की गोळी बसवणारा पोलादी दांडा, एगॉननं काढून आणला होता आणि वर्तमानपत्रावर ठेवून तो जुन्या दातघासणीनं त्याचं तोंड घासत होता. रॉकेलचा आणि दालचिनीचा वास एकत्र झाला होता.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. पोलाद पोलादावर सरकलं, खाली वळलं आणि बसलं. चक्‌, खट्ट.

तिघांनी टेबलावरच्या बोल्टकडे पाहिलं. एगॉनची दातघासणी हवेतच राहिली.

"पत्रा तापलाय," तो म्हणाला. "तापला की बोलतो."

 हार्टविगनं केकचा उरलेला तुकडा काट्यानं बारीक बारीक केला आणि तसाच ठेवला.

उपाशीपोटी कान वाजतात, इर्मेलाला वाटलं. पण या दोघांनी तर केक खाल्ला होता.

ते तिघंही आत गेले. सगळं जागच्या जागी होतं. शेगडा घट्ट, नळीचं तोंड भिंतीकडे. मात्र दस्त्याला गाल टेकायला जे नवं, कोरं लाकूड जोडलं होतं, त्यावर एक ओला डाग होता. लांबट, गालाएवढा. नुकताच कुणी घामेजला गाल उचलून घ्यावा तसा.

"माझाच असेल," हार्टविग म्हणाला.

त्यांच्या डोळ्यांदेखत तो कडांकडून आत आत वाळत गेला आणि नाहीसा झाला.

एगॉन त्या दिवशी कॉफीचा दुसरा कप न घेताच गेला.

४

राळ वाळली. नळी मात्र लाकडाला कुठं टेकता कामा नये, म्हणून हार्टविगनं तिच्या आणि लाकडाच्या मध्ये कागदाची पट्टी घालून पाहिली. ती दस्त्याच्या टोकापासून पार मुळापर्यंत सुळकन गेली, कुठं अडली नाही. तो पोरासारखा ओरडला, "इर्मी! बघ, बघ ना! कुठंही टेकत नाही!" आणि त्यानं तिचं पिठाचं बोट धरून तिच्याकडूनही पट्टी ओढून घेतली.

त्या दिवशीच्या सगळ्या गोळ्या एका नखाएवढ्या जागेत गेल्या. ओट्यावरून दुर्बिणीतून तिनं ते पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो असा हसायचा. पुढं दुष्काळ आले, गुरं मेली, ओपा गेले, काळीज बिघडलं, आणि ते हसू कुठं गेलं कुणी विचारलं नाही. आज ते परत आलं होतं. एवढ्यासाठीच तर तिनं पदर पसरला होता.

कागद आणायला गेली तेव्हा डहाळी होती. त्या एकुलत्या भोकात, ताठ उभी. तिनं ती उपटून वाळूत टाकली, टाचेनं पुरली आणि येताना वाटभर जपमाळ ओढली. हार्टविगला फक्त कागद दाखवला.

जेवण झाल्यावर दोघं आडवे झाले. खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, पंखा कुरकुरत होता. तिला जाग आली ती तोंडाला कोरड पडून. पाण्यासाठी उठायला ती कोपरावर झाली, आणि चादरीवर, दोघांच्या मध्ये, ती दिसली. मोपानीची डहाळी, नीट सरळ ठेवलेली.

इर्मेलानं श्वास धरला. मग हात लांब करून तळवा हार्टविगच्या नाकाशी नेला. ऊन ऊन श्वास लागला. पुन्हा लागला. ती कितीतरी वेळ तशीच, हात अवघडून, त्याचे श्वास मोजत राहिली.

डहाळी तिनं चुलीत घातली. ओलं लाकूड फुसफुसलं आणि टर्पेंटाइनसारखा वास घरभर झाला. त्या वासानंच हार्टविग उठून आला.

"ती रायफल घरात नको," ती म्हणाली. "एगॉनला देऊन टाक. उद्याच."

"का?"

"मला भीती वाटते."

"कशाची? कागदाला भोक पडतं त्याची?" तो टेबलाशी बसला. "शिकार सोडली. बिअर सोडली. घोडा विकला. आता हेही सोडू? मग मला काय उरलं, इर्मी? तुझ्या कॉफीत साखर ढवळणं?"

"तू उरलास की. मला तेवढंच हवं आहे."

"मला नाही तेवढं पुरत." मग तो नरमला. तिचा हात त्यानं हातात घेतला. "स्पर्धा होऊ दे. मग ने आणि ठेव तुझ्या मारियामातेच्या पायाशी. वाटलं तर फुलं घाल तिच्या नळीत."

कुणाला शेवटचा घास भरवला जातोय, हे त्याला कसं सांगायचं? ज्याचं काळीज एका धाग्यावर आहे, त्यालाच?

५

रविवारी प्रार्थना आटोपून ती एगॉनच्या अंगणात गेली. तो लिंबाच्या झाडाखाली बसून लेथचा पट्टा शिवत होता. तिनं सगळं सांगितलं, हॅटपासून चादरीपर्यंत. आधी तो हसला. मग हसू थांबलं, मग सुईही थांबली.

"चादरीवर कशी होती ती?"

"म्हणजे?"

"पानांचं टोक कुठं, मोडलेली बाजू कुठं?"

तिनं डोळे मिटून आठवलं. "टोक उशीकडे. मोडलेली बाजू पायाकडे."

"आणि कागदावर?"

"टोक वर."

एगॉननं पट्टा मांडीवरून खाली ठेवला. "बायकांना हे कुणी सांगत नाही. तुम्ही कधी रानात आलाच नाहीत. जनावर नर असेल तर मोडलेली बाजू डोक्याकडे करून ठेवतात. मादी असेल तर पानांचं टोक डोक्याकडे. मी घाईत कितीदा चुकलो. तुझे सासरे मला शिव्या घालायचे. त्यांचं कधी चुकलं नाही."

इर्मेला क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. तिनं दोन्ही हात छातीशी धरले.

"म्हणजे तो नाही! ओन्केल एगॉन, म्हणजे तो नाही!"

म्हातारा तिच्याकडे बघू शकला नाही. "पोरी," तो पट्ट्याला म्हणाला, "कागद आणायला जाशील तेव्हा बोल्ट काढून स्वतःजवळ ठेवत जा. बोल्टावाचून रायफल म्हणजे काठी."

ती गाणं गुणगुणत गाडी चालवत निघाली. तो नाही. देवा, तो नाही. तुझे उपकार कसे फेडू? शेताच्या फाटकाशी उतरून तिनं साखळी काढली, फाटक ढकललं, आणि लोखंडावर हात तसाच ठेवून ती उभी राहिली. त्या पलंगावर हार्टविगशिवाय आणखी एकच माणूस झोपलं होतं.

मग तिला हार्टविगचे हात आठवले, दस्त्यावर तेल चोळणारे. याच्या हातून रक्त सांडू देणार नाही, असा शब्द तिनं दिला होता. कुणाचं, ते मारियामातेनं विचारलं नव्हतं.

६

स्पर्धेआधीचा शेवटचा सराव. हार्टविगनं शेवटची गोळी झाडली आणि कानांतले बोळे काढले. इर्मेलानं हात पुढं केला.

"बोल्ट दे."

"रोज काय खेळ हा?" पण त्यानं बोल्ट काढून तिच्या तळव्यावर ठेवला. "घ्या मालकीणबाई. जपून, तेल लागेल एप्रनला."

"तू आत जा. कॉफी गाळून ठेवली आहे, ओतून आण. उन्हात बसू नकोस."

तिनं नाही म्हटलं असतं तर तो स्वतः वाळू तुडवत गेला असता. म्हणून ती निघाली. खिशातला बोल्ट चालताना मांडीवर आपटत होता आणि त्याच्या वजनाचा तिला आधार वाटत होता. नदीच्या पात्रात वाळू पायाखाली सरकत होती. पाठीवर ऊन होतं. मणी ओढत ती चालली, आणि मागं वळून बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

फळ्याशी पोचली. तिनं भीत भीत कागदाकडे पाहिलं.

डहाळी नव्हती.

मधोमध एकच भोक, त्यातून पलीकडची माती दिसत होती. बस्स. तिनं कागदाच्या मागं पाहिलं, फळ्याच्या पायाशी पाहिलं. काही नव्हतं. तिला एकदम हलकं हलकं वाटलं, ताप उतरल्यासारखं. नवस पोचला. तिनं टाचण्या काढल्या, एक एक करून ओठांत धरल्या, कागद गुंडाळला.

तेवढ्यात काडकन आवाज झाला. वाळकी फांदी मोडावी तसा, अगदी जवळून. तिनं इकडं तिकडं पाहिलं. जवळपास झाड नव्हतं.

काही झालं नव्हतं. ऊन होतं, माशी होती, हातात कागद होता. ती वळली आणि घराकडे चालू लागली.

ओट्यावर टेबलाशी हार्टविग बसलेला दिसत होता, रायफलवर वाकलेला. आत जा म्हटलं तर ऐकेल तेव्हा ना! तिनं गुंडाळी उंच धरून हलवली.

तो सावकाश उठला. त्यानं हॅट काढली आणि छातीशी धरली. उन्हात त्याचं डोकं पांढरं, बिनकेसाचं चमकलं.

हार्टविगला केस होते. दाट, करडे. काल तिनंच कापले होते.

त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडलं, आणि ट्रे घेऊन हार्टविग बाहेर आला. टेबलाकडे त्यानं पाहिलं नाही. नदीकडे पाहिलं. ट्रे त्याच्या हातून सुटला. कप फुटल्याचा आवाज तिला जरा उशिरानं ऐकू आला.

"इर्मी!"

तो धावत सुटला. पायऱ्या उतरून, कुंपण ओलांडून, वाळूत. ज्याला दहा पावलंही झपाझप टाकायची नव्हती, तो तोंड वासून, शर्टाची छाती मुठीत धरून धावत होता.

"धावू नकोस!" ती ओरडली. "हार्टविग, मी ठीक आहे! हे बघ, मी इथं आहे! कागद बघ किती छान झालाय!"

तो थांबला नाही, हळूही झाला नाही. आता त्याचा चेहरा दिसत होता, आणि त्याचे डोळे. ते तिच्यावर नव्हते. तिच्या खांद्यावरून मागं, फळ्याच्या पायाशी, खाली वाळूवर पडलेल्या कशावर तरी खिळले होते.

तिनं खिशात हात घातला. बोल्ट होता. गार, जड.

मागं वळून बघावं असं तिला वाटलं, पण ती वळली नाही. मागं काय असायचं ते असो. पुढून हार्टविग येत होता आणि त्याचं काळीज फुटायच्या आत त्याला कुणीतरी अडवायला हवं होतं. कागद टाकून ती वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरले. इतक्या वर्षांत तिला बघून तो थांबला नाही असं कधी झालं नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "सावकाश. ये."